साताऱ्याहून परत फिरलेला उमेदवार

1875 साली पावसाळा सरता सरता मुरूडची काही मुले साताऱ्याला पायी निघाली. मुरूड म्हणजे दापोली तालुक्यातले समुद्राकाठचे गाव. मराठी सहावीची परीक्षा पास झाली की प्राथमिक शाळेतल्या मास्तरकीचा किंवा कचेरीतल्या कारकुनीचा रस्ता उघडायचा, आणि त्यासाठी या मुलांना सातारा गाठायचा होता. कुंभार्ली घाट चढून, पाटणच्या बाजूने, शंभराहून जास्त मैल चालून ती मुले वेळेवर पोचली. परीक्षेला बसण्याआधी समितीपुढे उभे राहावे लागे. सतरा वर्षांच्या आतल्यांना प्रवेश नव्हता.

त्यांच्यातल्या एकाची उंची बेताची आणि अंगकाठी किरकोळ होती. सतरा पूर्ण झाल्याचा दाखला त्याच्याजवळ होता. पण समितीच्या प्रमुखांनी मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे ठरवून त्याला परत पाठवले. विषयातल्या तयारीपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. आला तसा तो मुलगा घाट उतरून घरी गेला. पुढच्या वर्षी त्याने कोल्हापूर गाठले, तिथे परीक्षा दिली आणि तो पास झाला.

त्याचे नाव धोंडो केशव कर्वे. पुढे हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ उभे करणारे महर्षी. साताऱ्याच्या त्या दिवसाचे दुःख त्यांनी आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवले आहे. भारतरत्नापर्यंत पोचलेल्या माणसाला सतराव्या वर्षी मिळालेला नकार आठवत राहतो, यात नवल नाही. ज्या नकाराला काही कारण असते तो माणूस पचवतो. ज्याचा आपल्या कामाशी संबंधच नसतो, तो मनात सलत राहतो.

काम मागायला गेलेल्या महाराष्ट्रातल्या तरुणांचा इतिहास पाहिला तर दुसऱ्या प्रकारचे नकारच जास्त सापडतात. थोड्या तासांच्या, शिक्षण सांभाळून करायच्या कामासाठी जे दारोदार फिरले, त्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कारण अशा कामाला ना ठरलेली परीक्षा, ना लेखी नियम. देणाऱ्याची नजर हाच नियम.

एकोणिसाव्या शतकात गरीब विद्यार्थ्याच्या पोटाची सोय शहरात कशी होई, हे सर्वांना ठाऊक आहे. कुणी माधुकरी मागे, कुणी वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. पण वह्या-पुस्तके, फी, दिव्याचे तेल यांना रोख पैसे लागत, आणि तिथे एकच धंदा हाताशी होता तो म्हणजे शिकवणी. चार इयत्ता पुढे गेलेल्या मुलाने चार इयत्ता मागे असलेल्या मुलाला शिकवायचे. शिकवणीसाठी कुणी जाहिरात देत नसे. ओळखीच्या कुणीतरी एखाद्या घरी नाव सुचवायचे, मग उमेदवाराने जाऊन ओसरीवर बसायचे. यजमान गाव, आडनाव, कुणाकडे उतरलात हे विचारीत आणि मग कळवतो म्हणत. पुष्कळदा ते कळवणे कधीच होत नसे.

कर्वे मुंबईत आले तेव्हा त्यांनीही हाच मार्ग धरला. 1884 साली गणित घेऊन ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. एकाच ठिकाणची पक्की नोकरी धरण्याऐवजी त्यांनी कामाचे तुकडे जोडले. कॅथीड्रल गर्ल्स हायस्कूलमध्ये काही तास, अलेक्झांड्रा गर्ल्स इन्स्टिट्यूशनमध्ये काही तास, आणि मधल्या वेळात घरगुती शिकवण्या. दिवस पहाटे सुरू होई आणि गिरगावापासून शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत पायपीट होई. 1891 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला बोलावले तेव्हा ही ओढाताण संपली. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या होत्या. मुंबईतल्या त्या वर्षांबद्दल लिहिणारे बहुधा कर्व्यांच्या चिकाटीचे कौतुक करून पुढे जातात. चिकाटी होतीच. पण मुलींच्या शाळांमधल्या त्या तासांनीच त्यांना मुलींना शिकवण्याची सवय लावली, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची वाटते.

कर्व्यांना उंचीमुळे परत पाठवले गेले. उंचीचा आक्षेप वर्षभरात मिटतो. जातीचा मिटत नाही.

1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीसाठी हजर झाले. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे उच्च शिक्षण झाले होते आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून ते आले होते. बडोद्यात राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नावाने उतरले. काही दिवसांतच काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. कचेरीत शिपाई कागदपत्रे त्यांच्या हातात न देता टेबलावर टाकत. धर्मशाळेतला अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पण बडोदा सोडून मुंबईला परतल्यावर काय झाले, हे कमी सांगितले जाते, आणि इथे तेच जास्त कामाचे आहे.

परळच्या चाळीत राहणाऱ्या त्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने पहिल्यांदा काय धरले असेल, तर दोन विद्यार्थ्यांची शिकवणी. मग शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक लहानशी पेढी काढली. काम बरे चालले होते. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळले आणि येणे थांबले. सल्ला कालच्याइतकाच चांगला होता, माणूसही तोच होता, फक्त गिऱ्हाइकाला त्याची जात समजली होती. पुढे एका पारशी गृहस्थाचे हिशेब लिहिण्याचे कामही त्यांनी केले. कामाची लाज धरायला त्यांना सवड नव्हती.

1918 च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, पगार महिना 450 रुपये. लंडनमध्ये ओळख झालेले माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचा त्यात उपयोग झाला. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली. मुले मात्र लवकरच त्यांची व्याख्याने मन लावून ऐकू लागली. पगारातून पैसे बाजूला टाकून, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेऊन, 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले.

आणि बॅरिस्टर होऊन परत आल्यावर? वकिलीत पुरेसे काम मिळेना. 1925 ते 1928 बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते, तासांवारी, अर्धवेळ. म्हणजे ज्या वर्षी महाडचा सत्याग्रह झाला त्या 1927 सालीही घरखर्चाचा एक भाग या अर्धवेळ व्याख्यानांतून निघत होता. चवदार तळ्यावर जाणाऱ्या माणसाला मुंबईत परतून वर्ग घ्यायचा असे, ही गोष्ट चरित्रे वाचताना नजरेतून सुटते. ती सुटू नये.

कर्व्यांना ज्या साताऱ्याने परत पाठवले, तिथेच काही दशकांनी या दारोदार फिरण्याला एक वेगळे उत्तर उभे राहिले. भाऊराव पाटील हे स्वतः मॅट्रिकपर्यंत न पोचलेले. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीची आंघोळ करायचे नाकारले आणि जैन वसतिगृहातून बाहेर पडायची पाळी आली. पुढे साताऱ्यात शिकवण्या घेऊन त्यांनी गुजराण केली. गावात त्यांना पाटील मास्तर म्हणत. ओगल्यांच्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी फिरताना हुशार पण घरची परिस्थिती नसलेली मुले त्यांना गावोगाव दिसत होती.

1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. 1927 साली महात्मा गांधी तिथे आले आणि त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. महार, मांग, मराठा, जैन, ब्राह्मण, मुसलमान मुले एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकही एकत्र करत. लाकूड फोडणे, पाणी भरणे, भाजीपाला पिकवणे ही कामे मुलांचीच. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही गहाण पडले.

या व्यवस्थेतली मुख्य गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. इथे कामासाठी मुलाची निवड होत नव्हती. मुलगा आत आला की काम त्याच्या वाट्याला येणारच, आणि कामाबरोबर शिक्षणही. तो किती उंच आहे, कुणाच्या ओळखीने आला, आडनाव काय, हे प्रश्न विचारणारा माणूसच मधून काढून टाकला होता. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा 'कमवा आणि शिका' ही पद्धत महाविद्यालयापर्यंत गेली. शेतात, बांधकामावर तासभर घाम गाळून आलेली मुले वर्गात बसू लागली.

हे एकट्या साताऱ्याचे नव्हते. पुण्यात 1909 साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. तिथली मुले सुरुवातीला माधुकरीवर जगली. नंतर संस्थेने छापखाना चालवला आणि खिळे जुळवण्यापासूनचे काम मुलांच्या हाती आले. 1955 साली डॉ. अच्युत आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि थोडे काम. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी विद्यार्थी भवन सुरू केले. आज राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना कुठल्या ना कुठल्या रूपात आहे.

सरकारने काय केले? दुसऱ्या महायुद्धानंतर, 1945 साली, सैन्यातून सुटणाऱ्यांसाठी रोजगार विनिमय केंद्रे निघाली आणि थोड्याच वर्षांत ती सगळ्यांना खुली झाली. नाव नोंदवायचे, कार्ड घ्यायचे, ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करायचे आणि कॉल येण्याची वाट पाहायची. 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा या केंद्रांना कळवणे मालकांवर बंधनकारक झाले. पण तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कामे, घरकाम, शेतीकाम आणि कचेरीतले अकुशल काम यांना त्या कायद्यातून वगळलेले होते. नुसते कळवणे सक्तीचे होते, केंद्राने पाठवलेल्या माणसाला घेणे नव्हे. सुट्टीतले दोन महिने किंवा संध्याकाळचे तीन तास काम शोधणाऱ्या कॉलेजच्या मुलाला या कार्डाचा उपयोग जवळजवळ शून्य होता. तो पूर्वीसारखाच दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

त्याच 1959 सालच्या मार्चमध्ये गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. घर, मुले, सासूसासरे सांभाळून थोडा वेळ काम हवे असलेल्या बाईला तेव्हा कुठल्या कचेरीत कुणी उभे केले नसते. शिक्षण किती, नवरा काय करतो, मूल लहान आहे तर रोज येणार कशी, या तीन प्रश्नांतच मुलाखत आटोपली असती. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापडमध्ये हे प्रश्नच ठेवले नाहीत. संस्थेची प्रतिज्ञा घेऊन जी काम करायला तयार, ती सभासद.

कामाची पद्धतही तशीच आखली गेली. मळलेले पीठ सकाळी केंद्रातून न्यायचे, घरी लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी केंद्रात आणून द्यायचे. तिथे पापड तोलले आणि तपासले जातात आणि मजुरी मिळते. जिच्या घरी पापड वाळवायला जागा नाही, तिलाही परत पाठवत नाहीत. तिला पीठ मळण्याचे किंवा पाकिटे भरण्याचे काम देतात. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या मुंबईत हा नियम ज्यांनी केला, त्यांना गिरगावातल्या चाळी आतून माहीत होत्या.

आज पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात हजारो मुले स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करता करता अर्धवेळ काम शोधतात. कॉल सेंटर, घरपोच जेवण, क्लासमध्ये पेपर तपासणे, मेडिकल स्टोअरमध्ये रात्रपाळी. मुलाखत पाच मिनिटांची असते. इंग्रजी अडखळले, गावाकडचा हेल ऐकू आला, गाडी स्वतःची नाही असे कळले, की कळवतो म्हणतात. मुलगा खोलीवर येतो, चार जणांच्या त्या खोलीत कुणाला काही सांगत नाही, आणि आपल्यातच काही कमी आहे असे समजून बसतो. इतिहासाचा दाखला त्याच्या बाजूने आहे. नकार देणाऱ्याने बहुतेक वेळा कामाकडे पाहिलेलेच नसते.

दाखला हेही सांगतो की एकट्याच्या जिद्दीवर हे निभावत नाही. आंबेडकरांना भथेना आणि शाहू महाराज भेटले. काल्याच्या पोरांना भाऊराव आणि लक्ष्मीबाई भेटल्या. गिरगावच्या सात जणींना एकमेकी होत्या. म्हणून महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना एक मागणे आहे. 'कमवा आणि शिका' योजनेतली कामे वाढवा, ती ग्रंथालय आणि बागेपुरती ठेवू नका, मानधन दर महिन्याला वेळेवर द्या. दुकानदारांना, क्लासचालकांना, लहान कंपन्यांना इतकेच की, आलेल्या मुलाला नाही म्हणायचे असेल तर त्याच आठवड्यात कळवा आणि कारण सांगा. आणि ज्याला या आठवड्यात नाही ऐकावे लागले आहे, त्याने उद्या आपल्या कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात जाऊन योजनेचा अर्ज मागावा. तिथला अर्ज फुकट मिळतो.