यंत्रे थकतात, तेव्हा मांडणशिल्पाचे काय होते?

गणेशोत्सवात ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतील एखाद्या मोठ्या मंडपात शिरलेल्या माणसाला ‘मांडणशिल्प’ हा शब्द फार समजावून सांगावा लागू नये. आत अंधार असतो. भारदस्त आवाजातील ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होते, एका मूर्तीवर प्रकाशझोत पडतो, तिचा हात वर जातो, मग दुसरीकडे उजेड होतो, मागच्या पडद्यावर चित्रफीत उमटते आणि दहा-पंधरा मिनिटांनी गर्दी दुसऱ्या दाराने बाहेर पडते. आवाज, प्रकाश, हालचाल आणि जागा यांची एकत्रित रचना करून प्रेक्षकाला तिच्या आत उभे करणे, हेच कलादालनातील मांडणशिल्पही करते. फरक हेतूचा आहे. देखाव्यात गोष्ट निवेदक पूर्ण करतो. मांडणशिल्पात ती बहुधा अपुरी ठेवलेली असते आणि प्रेक्षकाने फिरत, थांबत, ऐकत ती स्वतः जुळवायची असते.

या दोहोंना जोडणारा आणखी एक धागा फारसा चर्चेत येत नाही. दोन्ही यंत्रांवर चालतात आणि यंत्र बंद पडले की दोन्ही नाहीसे होतात. तैलचित्र शंभर वर्षे भिंतीवर टांगून ठेवता येते. ध्वनिफीत, प्रोजेक्टर, मॉनिटर, संगणक यांच्यावर उभ्या असलेल्या कलाकृतीचे आयुष्य मात्र त्या यंत्राच्या सुट्या भागांइतकेच असते. महाराष्ट्रात या कलाप्रकाराचा आरंभच मुळी अशा एका हरवलेल्या कृतीने झाला आहे.

चित्रकार अकबर पदमसी (१९२८-२०२०) यांना १९६९ मध्ये जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती मिळाली. तिच्या रकमेतून त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कार्यशाळा उभी केली. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांनी एकत्र येऊन एकमेकांच्या माध्यमात हात घालावा, असा तिचा उद्देश होता. तिथे १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता, संकलनाची सोय होती, छायाचित्रे धुण्याची अंधारखोली होती. पदमसींनी तिथे ‘सिझिजी’ हा रेषा आणि बिंदूंचा मूक सचेतपट केला. त्यासाठी शेकडो रेखाचित्रे काढली गेली. दुसरा लघुपट होता ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. तो रंगीत होता आणि त्याला गीता साराभाई यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत होते. या दुसऱ्या लघुपटाची एकच प्रत होती आणि ती गहाळ झाली. पुढे आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणींच्या आधारे तो पुन्हा घडवण्याचा प्रयत्न केला. त्याच नावाचा हा चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. मूळ प्रत मात्र आजतागायत कोणाच्या हाती लागलेली नाही.

गीता साराभाई हे नाव इथे महत्त्वाचे आहे. अमेरिकी संगीतकार जॉन केज यांना १९४६ मध्ये भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्या याच. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत (एनआयडी) १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला आणि तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक छोटा स्टुडिओ सुरू झाला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे १९७२ पर्यंत रचना केल्या. मग सारे थंडावले आणि विसरलेही गेले. तब्बल साडेचार दशकांनी ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना संस्थेच्या संग्रहात त्या स्टुडिओच्या फिती सापडल्या. त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. एकाच काळातील ही दोन उदाहरणे आहेत. एका ठिकाणी कृती कलावंताकडे होती, ती हरवली. दुसऱ्या ठिकाणी ती संस्थेच्या कपाटात होती. संस्थेने तिचे फार कौतुक केले असे नव्हे, पण फेकून दिली नाही, एवढ्यानेच ती वाचली.

पदमसींच्या कार्यशाळेत येणाऱ्यांत जे. जे. कला महाविद्यालयाची तरुण विद्यार्थिनी नलिनी मलानी होती. तिथे तिने ‘ड्रीम हाउसेस’ हा सचेतपट केला. पुढे याच चित्रकर्तीने व्हिडीओ आणि ध्वनी यांना भारतीय कलेत मानाचे स्थान मिळवून दिले. १९९८ च्या मे महिन्यातील पोखरण अणुचाचण्यांनंतर त्यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे मांडणशिल्प रचले. सआदत हसन मंटोंच्या फाळणीवरील कथेचा त्याला आधार होता. खोलीत पत्र्याच्या बारा ट्रंका, त्यांत गोधड्या आणि प्रत्येक ट्रंकेत एक टीव्ही मॉनिटर. भिंतींवर मोठ्या चित्रफिती. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी घडी घालण्याचा प्रयत्न करतात आणि मधल्या अंतरामुळे ते जमत नाही. निर्वासितांच्या ट्रंका आणि अणुस्फोटाचा आवाज एकाच खोलीत येतात. मुंबईत ही कृती १९९९ मध्ये दाखवली गेली ती एखाद्या खासगी दालनात नव्हे, तर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. मुलांना मूर्ती आणि पेंढा भरलेले प्राणी दाखवायला आलेला सर्वसामान्य प्रेक्षक तिथे अचानक या ट्रंकांसमोर उभा राहिला, ही निवड विचारपूर्वकच म्हणावी लागेल. मलानी यांना २०२३ चा क्योटो पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी वाचकांना त्यांचे नाव तुलनेने अपरिचित वाटले. तो दोष कलावंताचा नाही.

आता त्या ट्रंकेतील मॉनिटरकडे पाहू. तो काचेच्या नळीचा, म्हणजे सीआरटी प्रकारचा. असे मॉनिटर आता घराघरांतून भंगारात गेले आहेत. व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चुंबकीय फितीवरील लेप वर्षानुवर्षे ओलावा शोषून चिकट होतो. ठाणे-कल्याणची दमट हवा आणि ध्वनिफीत यांचे वैर तर कॅसेटच्या काळापासून प्रत्येक घराला ठाऊक आहे. ‘संगणकावर टाकले की सुटलो’ ही समजूतही फसवी आहे. मलानी यांच्याच ‘कॅन यू हिअर मी?’ या अलीकडच्या कृतीत आयपॅडवर बोटाने रेखाटलेले ८८ सचेतपट नऊ प्रोजेक्टरमधून भिंतींवर एकमेकांत मिसळत राहतात. फीत इथे नाही, पण फाइलचे स्वरूप, ती उघडणारी आज्ञावली आणि नऊ यंत्रांना बांधणारा मेळ हे सारे दर काही वर्षांनी बदलत जाणारे आहे.

यंत्राशी याहून जवळचा खेळ मुंबईच्याच शिल्पा गुप्ता यांनी मांडला आहे. त्यांच्या ‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’ (२०१७-१८) या ध्वनी-मांडणशिल्पात अंधाऱ्या दालनात शंभर मायक्रोफोन लोंबकळतात. प्रत्येकाखाली धातूच्या टोकदार दांडीवर एक कागद खोचलेला असतो आणि त्यावर लिखाणापायी तुरुंगात गेलेल्या एका कवीच्या ओळी असतात. आवाज येतो तो त्या मायक्रोफोनमधूनच. एक आवाज ओळ म्हणतो, उरलेले नव्व्याण्णव तिचा प्रतिध्वनी होतात. यात चमत्कार काही नाही. मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे आणि चुंबक असते. बोलणाऱ्याच्या आवाजाने पडदा हलतो आणि तारेत वीज निर्माण होते. लाउडस्पीकरमध्ये हेच तीन भाग असतात, फक्त प्रवास उलटा: वीज आत येते, पडदा हलतो, आवाज बाहेर पडतो. जोडणी फिरवली की ऐकणारे यंत्र बोलू लागते. मंडपांना ध्वनिव्यवस्था पुरवणाऱ्या कोणत्याही कारागिराला हे तत्त्व नवे नाही. ज्यांचे बोलणे बंद केले गेले त्यांच्यासाठी ते वापरावे, हे सुचणे मात्र कलावंताचे.

याच पिढीतील अमोल पाटील यांचे उदाहरण मराठी प्रेक्षकाला अधिक जवळचे वाटेल. आजोबा पोवाडे रचणारे, वडील कामगारांच्या जगण्यावर नाटके लिहिणारे. या वारशातून मुंबईच्या चाळीतील आवाज, हालणाऱ्या वस्तू आणि चित्रफिती घेऊन ते २०२२ मध्ये जर्मनीतील कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनापर्यंत पोहोचले. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या ‘कॅम्प’ या मुंबईतील गटाने तर पाळत ठेवणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यालाच कुंचला केले. ३५ मजली इमारतीवरील कॅमेरा क्षितिजापासून खाली झुकत वस्त्यांपर्यंत येतो, असे सात पडद्यांवरचे ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) हे त्यांचे काम कोचीच्या द्वैवार्षिकीत आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयात दाखवले गेले. या गटाचे दुसरे काम कमी गाजले, पण प्रस्तुत विषयात तेच अधिक मोलाचे आहे. इतर संस्थांच्या साथीने २००८ मध्ये त्यांनी ‘पॅड.मा’ हा चित्रफितींचा खुला ऑनलाइन संग्रह सुरू केला. त्यात तयार चित्रपटांऐवजी चित्रित केलेला कच्चा मजकूर, वेळेनुसार टिपणे जोडून ठेवला जातो.

जतनाची पद्धत जगभर याच दिशेने गेली आहे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने पुढाकार घेतलेल्या ‘व्हेरिएबल मीडिया’ उपक्रमाने कलावंतालाच प्रश्न विचारण्याची प्रथा पाडली: यंत्र जसेच्या तसे सांभाळायचे, की नव्या यंत्रावर जुन्याचा आभास निर्माण करायचा, की मजकूर नव्या माध्यमात हलवायचा, की कृतीचा नव्याने अर्थ लावून ती पुन्हा रचायची? उत्तर प्रत्येक कृतीगणिक वेगळे असते. ट्रंकेतील टीव्हीचा ठोकळेबाज आकार अर्थाचा भाग असेल, तर तिथे सपाट पडदा चालणार नाही. दक्षिण कोरियातील नाम जून पाइक यांच्या ‘द मोअर द बेटर’ (१९८८) या मनोऱ्यात १,००३ मॉनिटर आहेत. सुरक्षेच्या कारणास्तव तो २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उजळला. जिथे शक्य होते तिथे जुने मॉनिटर दुरुस्त केले गेले, उरलेल्या ठिकाणी नवे पडदे बसवले गेले. राष्ट्रीय संग्रहालयाची ताकद पाठीशी असतानाही इतकी वर्षे लागली.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत असे संग्रहालय नाही. नाट्यगृहे आहेत, गडकरी रंगायतन, आचार्य अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले कलामंदिर यांनी प्रेक्षक घडवला. पण अंधार करता येईल, बाहेरचा भोंगा आत येणार नाही आणि महिनाभर यंत्रे मांडून ठेवता येतील अशी सार्वजनिक खोली ही वेगळीच गरज आहे. या शहरांत आवाजाचा प्रश्न निघतो तो बहुधा डेसिबलच्या भाषेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही २००० च्या नियमांतील मर्यादा उत्सवकाळात सर्वांच्या तोंडी असते. आवाज लक्षपूर्वक ऐकण्याची गोष्ट आहे, हे त्या वादात मागे पडते.

तरीही कारागिरी इथे आहे आणि ती दरवर्षी अनंत चतुर्दशीनंतर मोडली जाते. मोटर, कप्पी आणि खटक्यांच्या फळीपासून संगणकीय प्रकाशनियंत्रणापर्यंतचा हलत्या देखाव्यांचा सारा प्रवास या मंडपांत घडला. मागे उरतात त्या प्रेक्षकांनी काढलेल्या मोबाइलवरील डळमळीत चित्रफिती आणि वर्तमानपत्रातील एखादे छायाचित्र. कल्याणच्या विजय तरुण मंडळाचा शिवसेनेतील फुटीवरील देखावा २०२२ मध्ये पोलिसांनी जप्त केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्या वादाचे राजकारण बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. जप्तीमुळे आणि खटल्यामुळे ज्याच्या आशयाची इतकी लेखी चर्चा झाली, असे देखावे विरळच.

जतनासाठी लागणारी सामग्री फार खर्चीक नाही. निवेदनाची संहिता, ध्वनिमुद्रणाची मूळ, न दाबलेली फाइल, प्रकाश आणि हालचालींच्या वेळांचा तक्ता, तारांच्या जोडणीची आकृती, मंडपाचा मापांसह नकाशा, आणि देखावा रचणाऱ्याची अर्ध्या तासाची मुलाखत. हे सारे एका छोट्या हार्ड डिस्कवर मावते. दुसरी प्रत दुसऱ्या घरात आणि तिसरी एखाद्या ग्रंथालयात ठेवता येते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. दुर्मीळ पुस्तके सांभाळण्याचा अनुभव असलेल्या या संस्थांकडे मंडळांनी आपली ध्वनिमुद्रणे सोपवायची, तर काम देखावा उभा असतानाच, त्या दहा दिवसांत करावे लागेल. अकराव्या दिवशी तारा गुंडाळल्या जातात आणि भाड्याचे स्पीकर परत जातात.