उन्हाळ्यात ‘मेलेलं’ शेवाळ पहिल्या पावसात हिरवं कसं होतं?

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं कुंभार पिंपळगाव. मे महिन्यात इथं पारा चाळीसच्या वर जातो. आडाच्या दगडांवर आणि जुन्या भिंतींच्या पायथ्याला तेव्हा काळपट-तपकिरी पापुद्रा दिसतो, बोटानं चोळला तर भुगा होणारा. मग जूनचा पहिला दमदार पाऊस पडतो आणि तीच जागा बघता बघता हिरवीगार होते. हे नवीन उगवलं का?

नाही. ते तिथंच होतं, फक्त वाळलेलं.

आधी नावाचा घोळ सोडवू. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पायरीवरून पाय सटकवणारा बुळबुळीत थर बहुतेकदा शैवालाचा असतो. हाताला गालिच्यासारखं मऊ लागतं आणि जवळून पाहिलं तर चिमुकली पानं दिसतात, ते मॉस. शाळेत ‘ब्रायोफायटा’ गटात फ्युनारिया वाचलेलं आठवतंय? तेच हे. जगात मॉसच्या सुमारे १२ हजार जाती आहेत.

मॉसला खरी मुळं नसतात. मुलाभ नावाचे धागे त्याला दगडाला धरून ठेवतात, एवढंच. पाणी ते मुख्यतः पानांनीच घेतं आणि पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं असतं. त्यामुळे ते झटकन भिजतं आणि झटकन वाळतंही.

ज्वारीचं ताट पूर्ण वाळलं की विषय संपला. भिंतीवरचं मॉस मात्र वाळतं, पानं आक्रसून घेतं आणि सगळं काम थांबवतं. पाणी मिळालं की काही मिनिटांत पानं उघडतात. वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, अशा भागात टिकायला हाच गुण कामी येतो. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर तर सुमारे १,५०० वर्षं गोठलेलं मॉस प्रयोगशाळेत पुन्हा वाढू लागलं. २०१४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं.

पाऊस आणखी एका कारणासाठी लागतो. मॉसच्या नर पेशी पाण्यातून पोहत मादी पेशीपर्यंत जातात, त्यासाठी पाण्याचा पातळ थरही पुरतो. नंतर बारीक दांड्यावर छोटी कुपी येते. ती पिकली की आतले बीजाणू वाऱ्यावर उडतात.

‘मॉस उत्तरेलाच वाढतं’ हे वाक्य रील्समध्ये खूप फिरतं. पण ते थंड देशांतलं गणित आहे. आपल्याकडे मे आणि जुलैमधल्या शून्य सावलीच्या दोन दिवसांदरम्यान दुपारचा सूर्यच किंचित उत्तरेला असतो. दिशा शोधायला मॉस इथं भरवशाचं नाही. ओल शोधायला मात्र चांगलं.

म्हणजे घराच्या भिंतीवर एकाच पट्ट्यात हिरवं दिसलं, तर वर पन्हाळ किंवा पाइप गळतोय का ते आधी बघा. नुसतं खरवडून उपयोग नाही. मॉसच्या पडलेल्या तुकड्यांतूनही नवीन रोप तयार होतं. त्यामुळे खरवडलेलं उचलून टाका आणि गळती बंद करा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा तिथंच दिसेल.