प्रतिद्रव्याची पाठचिकित्सा

भिवंडीत यंत्रमागाच्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या कोणाच्याही तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो. या म्युऑनांपैकी निम्म्याहून थोडे अधिक धनभारित असतात, आणि धन म्युऑन हा काटेकोर अर्थाने प्रतिकणच होय. म्हणजे प्रतिद्रव्य आपल्या माथ्यावर अहोरात्र बरसते आहे. मग ते शोधण्यासाठी सात टनांचे यंत्र अवकाशात का न्यावे लागले? साहित्याच्या अभ्यासकाला याचे उत्तर लवकर उमजावे, कारण हा मुळात पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. श्लोक हाती लागणे वेगळे आणि तो मुळातला आहे हे ठरविणे वेगळे. भिवंडीवर पडणारे म्युऑन वातावरणातल्या टकरींतून जन्मतात. ते प्रक्षिप्त आहेत. प्रतिद्रव्याचा मूळ पाठ विश्वात कोठे शिल्लक आहे काय, हा खरा शोध.

इतिहास विश्वकिरणांपासूनच सुरू होतो. डिरॅक यांनी 1931 साली कागदावर मांडलेला प्रति-इलेक्ट्रॉन 1932 मध्ये कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या छायाचित्रात सापडला. त्या वेळी केंब्रिजमध्ये असलेल्या, पंचविशीतल्या होमी भाभांनी 1935 साली इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे गणित केले. ती प्रक्रिया आजही भाभांच्याच नावाने ओळखली जाते. 1937 मध्ये हाइटलर यांच्यासह त्यांनी दाखविले की एका ऊर्जावान कणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या जोड्यांची वर्षाच कशी उद्भवते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, एका प्रतीवरून असंख्य प्रती कशा तयार होतात याचा तो सिद्धांत. मराठी लेखनात भाभा भेटतात ते बहुधा अणुऊर्जेचे प्रवर्तक म्हणून; हा तरुण भाभा त्यामागे झाकला गेला आहे.

त्यांनी 1945 साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बलूनांतून उपकरणे उंच पाठवून विश्वकिरण मोजण्याची परंपरा मुंबईत रुजविली. याच संस्थेचे आर. आर. डॅनियल आणि एस. ए. स्टीफन्स यांची नावे 1979 सालच्या एका महत्त्वाच्या निबंधावर आहेत. रॉबर्ट गोल्डन यांच्या नेतृत्वाखालील या गटाने बलूनमधून अतिसंवाहक चुंबक वर नेला आणि विश्वकिरणांत प्रतिप्रोटॉन असल्याचा पुरावा मांडला. त्याच वर्षी सोव्हिएत संशोधकांनीही असाच दावा केला. कल्पना साधी: चुंबकीय क्षेत्रात धन आणि ऋण कण विरुद्ध दिशांना वळतात, प्रोटॉनएवढा जड कण उलट वळला तर तो प्रतिप्रोटॉन. व्यवहारात मात्र दर दहा हजार प्रोटॉनांमागे जेमतेम काही उलटे कण, त्यांत इलेक्ट्रॉनांची भेसळ, शिवाय बलूनच्या वर उरलेल्या विरळ हवेतच जन्मलेल्या प्रतिप्रोटॉनांची भर. गोल्डन गटाला दहा हजारांमागे सुमारे पाच हे प्रमाण मिळाले. नंतरच्या मोजण्यांत ते बरेच कमी भरले. अस्तित्वाचा दावा टिकला, आकडा टिकला नाही.

1981 मध्ये अँड्र्यू बफिंग्टन यांच्या गटाला कमी ऊर्जेचे प्रतिप्रोटॉन अपेक्षेपेक्षा फार जास्त आढळले. टकरींतून इतके प्रतिप्रोटॉन निपजणे शक्य नव्हते. मग ते मुळातलेच असतील का? त्यावर सिद्धांतांचे इमले चढले. 1987 मधील दोन स्वतंत्र बलून-प्रयोगांना तेथे त्या संख्येने काहीच सापडले नाही. एका प्रतीतला पाठ दुसऱ्या परंपरेच्या प्रतींत मिळत नाही, एवढे पुरे झाले.

दरम्यान 1985 मध्ये सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत साकारलेले ‘अनुराधा’ हे उपकरण चॅलेंजर यानातून अवकाशात जाऊन आले. त्याचा विषय प्रतिद्रव्य नव्हता. विश्वकिरणांतल्या काही आयनांवर किती विद्युतभार असतो हे त्याने तपासले. त्यात चुंबक नव्हता, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रालाच त्याने गाळणीसारखे वापरले. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

सॅम्युएल टिंग यांचा एएमएस हा शोधक 1998 मध्ये दहा दिवस यानातून फिरला. त्याने सुमारे तीस लाख हेलियम अणुकेंद्रके तपासली; प्रति-हेलियम एकही नाही. त्याची सुधारित आवृत्ती मे 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसविण्यात आली. तिच्या मोजणीत उच्च ऊर्जेचे पॉझिट्रॉन अपेक्षेहून अधिक निघाले. ते कृष्णद्रव्यातून आले की स्पंदक ताऱ्यांतून, यावर वाद आहे.

परंतु खरा डोळा आहे तो प्रति-हेलियमवर. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना वि. सी. सुकथनकरांनी जी सूत्रे पाळली, त्यांत अवघड पाठाला प्राधान्य देण्याचे सूत्र होते. लेखनिक अवघड शब्द सोपा करील, सोपा शब्द अवघड करण्याचे त्याला कारण नाही. (सुकथनकर स्वतः केंब्रिजला गणित शिकून संहितांकडे वळलेले, हे येथे आठवते.) प्रतिप्रोटॉन टकरीतून सहज निपजतो, दोन प्रतिप्रोटॉन आणि दोन प्रतिन्यूट्रॉन यांचे प्रति-हेलियम तसे निपजणे जवळजवळ अशक्य. असे एक केंद्रक निःसंशय सापडले तर कोठेतरी प्रतिद्रव्याचा मूळ साठा आहे, असे मानण्यास भक्कम आधार मिळेल.

टिंग यांनी 2016 पासून व्याख्यानांत अशा मोजक्या संशयित नोंदींचा उल्लेख केला आहे. प्रमाण सुमारे दहा कोटी हेलियम केंद्रकांमागे एक. अडचण इथेच आहे. साधे हेलियम शोधकातल्याच एखाद्या अणूवर आपटून वळले तर त्याची नोंद उलट्या भाराची होऊ शकते. म्हणून विश्वाविषयी बोलण्याआधी आपल्या यंत्राचा हस्तदोष दहा कोटींत एकाहूनही कमी आहे, हे दाखवावे लागते. नोव्हेंबर 2019 ते जानेवारी 2020 या काळात अंतराळवीरांनी चार वेळा बाहेर पडून या यंत्राची शीतकरण व्यवस्था दुरुस्त केली, ती ही मोजणी आणखी काही वर्षे चालू राहावी म्हणून.