वहिवाट आणि निरोप

गाव सोडले तरी गाव मागे उरते, हा आपल्यासारख्या स्थलांतरित घराण्यांचा पिढीजात दिलासा आहे. मूळ घर पडले तरी जोते दिसते, आडाचा काठ दिसतो, कुलदैवताच्या उत्सवाला जाऊन पायरीला हात लावता येतो. पण जे गाव केवळ दूरच्या संगणकांवर वसलेले होते, ते उठले तर मागे काय उरावे? ३१ मार्च २०२४ रोजी हा प्रश्न देशोदेशींच्या अनेक माणसांपुढे उभा राहिला. त्यांचे गाव म्हणजे ‘द क्रू’ नावाचा मोटार-शर्यतीचा खेळ.

संगणकावरील खेळाचा इतिहास या पानांवर पाहून काही वाचकांना नवल वाटेल. आमची नोकरी महसुलाच्या दप्तरात गेली. मालकी कोणाची आणि वहिवाट कोणाची, हा तंटा आम्ही आयुष्यभर पाहिला. तोच तंटा येथे नव्या वेशात आलेला दिसला, म्हणून हा विषय हाती घेतला.

या खेळाचे मूळ फ्रान्समधील लिआँ शहरात आहे. तेथील ईडन गेम्स या संस्थेने २००६ साली ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’ हा खेळ काढला. हवाई बेटांपैकी ओआहूचे रस्ते त्यात उभे केले होते आणि परस्परांना अनोळखी खेळाडू त्या रस्त्यांवर एकमेकांना भेटू शकत. पुढे २००७ साली त्या संस्थेतील काही मंडळींनी ‘आयव्हरी टॉवर’ ही नवी संस्था स्थापन केली. तिने घडवलेला ‘द क्रू’ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २ डिसेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध केला.

अमेरिकेची मुख्य भूमी त्यात लहान प्रमाणावर साकारली होती. न्यूयॉर्कहून निघालेली गाडी तासाभरात लॉस एंजेलिसच्या समुद्रकिनारी पोहोचे. वाटेत शहरे, वाळवंटे, बर्फाळ डोंगर लागत. चौघांचा चमू करून शर्यती लावता येत, आणि नावातील ‘क्रू’ तो हाच. शर्यत नकोशी झाली तर नुसते भटकावे, अशीही सोय होती. मात्र एकट्याने खेळायचे असले तरी कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, जोडणी अखंड हवी. रस्ता तुमच्या घरात दिसे, पण त्याची किल्ली कंपनीच्या हाती.

१४ डिसेंबर २०२३ रोजी कंपनीने खेळाची विक्री थांबवली आणि सर्व्हर बंद करण्याची तारीख जाहीर केली. सर्व्हर-यंत्रणेच्या आणि परवान्यांच्या अडचणी हे कारण तिने दिले. कारण अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. खऱ्या कंपन्यांच्या गाड्या खेळात दाखवण्यासाठी त्या कंपन्यांची अनुमती लागते, आणि सर्व्हर चालू ठेवण्यास खर्चही येतो. पण ज्यांनी पैसे मोजून खेळ घेतला होता, त्यांच्या घरातील तबकडी ३१ मार्चनंतर निरुपयोगी झाली. एकट्याने गाडी हाकण्याचीही सोय उरली नाही. नऊ वर्षांहून अधिक काळाची वहिवाट एका दिवसात मोडली.

येथून पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उघडली. कंपनीने सर्व्हर सदैव चालवावेत, असे तिचे म्हणणे नव्हते. निरोप घेताना खेळ चालता राहील अशी काही व्यवस्था करून जावे, एवढीच मागणी होती. युरोपीय संघाकडे गेलेल्या तिच्या नागरिक-अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला की, जी डिजिटल वस्तू केवळ परवान्याने वापरायला दिली जाते, तिच्या बाबतीत ग्राहकाला तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही. स्वतः युबिसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू २’ आणि ‘द क्रू मोटरफेस्ट’ या पुढील खेळांसाठी सर्व्हरविना खेळण्याची सोय करण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर काही हौशी जाणकारांनी स्वतःच्या खटपटीने मूळ खेळ पुन्हा चालता केला.

आम्हांस यात एक गोष्ट लक्षणीय वाटते. कायद्याच्या भाषेत या मंडळींजवळ मालकी नव्हती, होता तो केवळ वापराचा परवाना. तरीही जागा कोणाची हे केवळ कागदावरून ठरत नाही. जेथे माणसे वर्षानुवर्षे ठरल्या वेळी भेटतात, वाटा पाठ करतात, नवख्याला वळण दाखवतात, तेथे त्यांचे काहीतरी रुजतेच. आपल्या पूर्वजांनी परमुलखात पेठा वसवल्या, गणेशोत्सव आणि वाचनालये चालवली, तेव्हा त्यांच्याही हाती सर्वत्र मालकीचे कागद होते असे नाही. त्यांनी दप्तरे राखली, म्हणून आज आपल्याला मागचे सांगता येते. ‘द क्रू’च्या खेळाडूंनी तेच मागितले: राहू देत नसाल तर निदान वाडा पाडू नका, किल्ली ओट्यावर ठेवून जा.