पोटांतील प्रवासाची मोजदाद

भाईंदरच्या खाडीकांठीं समुद्राचें पाणी वाफ्यांत कोंडावें, तें उन्हानें आटवावें आणि मीठ गोळा करावें, हा उद्योग फार जुना आहे. या मिठाचा मनुष्याच्या जठराशीं निकटचा संबंध आहे. मिठांतील क्लोरिनाच्या साहाय्यानेंच जठर आपलें हायड्रोक्लोरिक आम्ल बनवितें. जठरांत हेंच आम्ल असतें, असें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलें.

पचन म्हणजे जात्यासारखें दळण कीं रासायनिक क्रिया, हा वाद त्याहून जुना. अठराव्या शतकांत इटलींतील स्पालांझानी यानें कापडाच्या लहान पिशव्यांत अन्न भरून त्या स्वतः गिळल्या. पिशव्या धड बाहेर आल्या. आंतील अन्न मात्र विरून गेलें होतें. पुढें १८२२ सालीं अमेरिकेंत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागून त्याच्या पोटास पडलेलें छिद्र कायमचें राहिलें. डॉ. विल्यम बोमाँट यांनीं रेशमी दोऱ्यास अन्नाचे तुकडे बांधून ते त्या छिद्रांतून आंत सोडले आणि कोणता पदार्थ किती वेळांत विरतो, हें टिपून ठेविलें. त्यांचा ग्रंथ १८३३ सालीं निघाला. परंतु छिद्र पडलेल्या एका पोटावरून सर्व निरोगी माणसांचें माप कसें ठरावें?

मापास आधीं मापनपट्टी लागते. ती डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनीं १९०९ सालीं दिली. तिलाच पीएच किंवा सामू म्हणतात. सात हा आंकडा उदासीन. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. मग १९५७ च्या सुमारास गिळतां येईल एवढें नभोवाणीचें प्रक्षेपण-यंत्र तयार झालें! ही गोळी पोटांतून जातां जातां आपली वार्ता बाहेर धाडूं लागली, आणि निरोगी मनुष्यास कोणतीही इजा न करतां त्याच्या आंतड्याची वाट मोजतां येऊं लागली.

१९८८ सालीं ब्रिटिश संशोधकांनीं ६६ निरोगी व्यक्तींस अशा गोळ्या देऊन, त्या हिंडत-फिरत असतां, नोंदी घेतल्या. जठरांत तीव्र आम्ल. लहान आंतड्याच्या आरंभीं पीएच सुमारें ६.६, शेवटीं ७.५, मोठ्या आंतड्यांत शिरतांच पुन्हा ६.४. हा उतार कां? कारण तेथील जंतू न पचलेला कोंडा आणि चोथा आंबवितात व त्यांतून आम्लें निर्माण होतात. वेळेचें म्हणाल, तर जठरांतून अन्न निघण्यास साधारण दोन ते पांच तास आणि लहान आंतड्यांतून दोन ते सहा तास लागतात. मोठ्या आंतड्यांत मात्र कोणास दहा तास, तर कोणास दोन दिवसांहूनही अधिक.

हें माप सर्व देशांस एकच असेल काय? बर्किट, वॉकर व पेंटर यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, चोथ्याचें अन्न खाणाऱ्या आफ्रिकी ग्रामीणांत हा प्रवास इंग्रजांपेक्षां पुष्कळच लवकर संपतो. मीरा रोड आणि भाईंदर ज्या पश्चिम रेल्वेवर आहेत, त्याच रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी राहिलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनीं रेल्वे-नोकरांतील हृदयविकाराची उत्तर-दक्षिण तुलना १९६७ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९८२ सालीं मोठ्या आंतड्याचा कर्करोग ज्या समाजांत अधिक आणि ज्यांत कमी, त्यांच्या मलाचा पीएचही त्यांनीं ताडून पाहिला. रोग समजण्यासाठीं निरोगी समाजाकडे पाहावें लागतें, ही त्यामागील दृष्टि होती.

या मोजदादीचें महत्त्व घरोघरीं आहे. मुलांस ठराविक दिवशीं एरंडेल पाजण्याची रीत महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. रोज कोठा साफ झाला नाहीं कीं रेचक घेणारे आजही पुष्कळ आहेत. ज्याचें अन्न दोन दिवसांनीं बाहेर पडतें, तो तेवढ्यानें रोगी ठरत नाहीं. नेहमींची रीत अकस्मात् बदलली, रक्त पडलें किंवा वजन घटूं लागलें, तर मात्र वैद्याकडे जाण्यास विलंब करूं नये. निरोगीपणाची मर्यादा किती रुंद आहे, हें कळल्यावांचून औषध केव्हां घ्यावें आणि केव्हां घेऊं नये, याचा निर्णय होत नाहीं.