शमी आणि तिची तोतया

गणपतीच्या पत्रीत शमी लागते, दसऱ्याला शमीपूजन होतं. पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं लपवली ती शमीवरच. यज्ञाचा अग्नी घुसळून काढायच्या लाकडासाठी, म्हणजे अरणीसाठी, शमीवर उगवलेला पिंपळ श्रेष्ठ मानत. एवढ्या मानाचं हे झाड, पण नर्सरीत शमी म्हणून जे रोप हातात पडतं, ते पुष्कळदा दुरंगी बाभळीचं असतं.

हा घोळ शास्त्राच्या दप्तरातही शिरला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये या दोन्ही झाडांना ‘मिमोसा सिनेरिया’ हे एकच नाव दिलं. एक नोंद पान ५१७ वर, दुसरी पान ५२० वर. सहा वर्षांनी त्याने शमीचं नाव बदलून ‘सिनेरारिया’ केलं. आज शमी म्हणजे प्रोसोपिस सिनेरारिया आणि दुरंगी बाभूळ म्हणजे डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. दोन्ही इथलीच, दोन्ही शेंगावर्गातली, दोघींची पानं बारीक. गफलत होते ती म्हणूनच.

खरी ओळख काट्यात आहे. शमीची कोवळी डहाळी हातात घ्या. दोन पानांच्या मधल्या भागावर, सालीतूनच वर आलेले आखूड, सरळ, बुडाशी रुंद काटे विखुरलेले दिसतील. दुरंगी बाभळीचा काटा म्हणजे टोकदार झालेली आखूड फांदीच. त्यामुळे त्या काट्यावरच पानं फुटलेली दिसतात. साध्या बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीजोडीने येतात, ते शमीला कधीच नसतात. फुलोरा आला की शंकाच उरत नाही. शमीचा तुरा सडपातळ, एकरंगी, फिकट पिवळा. दुरंगीचा लोंबता, वर गुलाबी आणि खाली पिवळा. शमीची शेंग लांब, बारीक नि लोंबती, तर दुरंगीच्या शेंगा पिळवटून एकमेकींत गुंतलेल्या.

आपल्याकडे शमीला सौंदडही म्हणतात. राजस्थानात ती खेजडी; तिच्या कोवळ्या शेंगा वाळवून सांगरीची भाजी करतात. तिथल्याच खेजडली गावात १७३० साली अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई प्राणाला मुकले, ते हीच झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून त्यांना मिठी मारून.

दुरंगी बाभूळ वाईट नाही, पण ती शमी नव्हे. दारात शमी लावायची असेल, तर पैसे देण्याआधी काटा निरखून पाहा. काट्यावर पान फुटलेलं दिसलं, तर ते रोप शमी म्हणून घेऊ नका.