पुंडलिकाची सेवा आणि आपल्या झाडीतली आरोग्याची वाट

॥ राम कृष्ण हरी ॥



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिकेच्या मंडळींनी सांगितलं की महाराज, तुम्हीही काही लिहा. दिंडी कोणी सुरू केली, पहिली वीणा कोणाच्या गळ्यात होती, मुक्काम कुठे पडत, हे जाणत्या माणसांनी लिहिलंच आहे. आमचं शिक्षण चौथी. धानाची शेती आणि कीर्तन, एवढाच आमचा संसार. पण चाळीस वर्षं कीर्तनाला गावोगाव फिरलो, ज्या घरी उतरलो त्या घरचं सुखदुःख कानी आलं. या शंभर वर्षांत आपल्या झाडीत माणूस आजारी पडला तर त्याचं काय होत होतं, आणि त्याला कोण धावून आलं, हाही दिंडीचाच इतिहास आहे असं आम्हाला वाटतं. दिंडीत चालणारा देह याच गावांतून येतो.

मुळात आपला देव विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापाची सेवा करत होता म्हणून. साक्षात देव दारात आला, तरी पुंडलिकाने हातचं काम टाकलं नाही. वीट भिरकावली आणि सांगितलं, थांब जरा. देव रागावला नाही, थांबला. आता पाहा, पुंडलिक काय करत होता? नुसती मुळी उगाळून देत नव्हता. पाय चेपत होता, घास भरवत होता, उशाशी बसला होता. औषध, अन्न आणि आधार एकाच हाताने देत होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामी पडेल.

शंभर वर्षांपूर्वी आपला सगळा मुलूख चांदा जिल्हा होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. पावसाळ्यात वैनगंगा, पर्लकोटा, इंद्रावती भरून आल्या की गावं तुटून जात. हिवताप घरोघरी. पटकी आली की एका घरातून दोन-दोन तिरड्या निघत. पंढरपूरच्या यात्रेलाही पटकीचं भय असे. पुढे तर सुई टोचून घेतल्याशिवाय वारकऱ्याला पुढे सोडत नसत. धानाची रोवणी मागे टाकून आषाढीला निघालेला माणूस परत येईलच याचा भरवसा नव्हता. म्हणून निघताना गावकरी पाया पडत. आज आपण तो मान समजतो, त्यात तेव्हा निरोपही होता.

आणि रक्तपिती झालेल्याचे हाल तर विचारू नका. त्याला गावाबाहेर काढत. बायको माहेरी, भाकर दुरून फेकलेली. रोग बोटं खात होता आणि गाव माणूस खात होतं.

अशा काळात आपल्या वऱ्हाडात दोन संत झाले. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, लेकराला शाळेत घाला, हेच त्यांचं कीर्तन. पंढरपूर, आळंदी, नाशिकला त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांची सोय झाली तीही त्यांच्यामुळे. रोग्याला खाट मिळाली, पण त्याची म्हातारी आई फुटपाथवर झोपली तर तो बरा कसा होणार? हे त्यांनी ओळखलं. दुसरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. आपल्या चिमूरला तर त्यांच्या भजनाने १९४२ साली माणसं उठली. ग्रामगीतेत त्यांनी देवळाइतकीच गावाच्या सफाईची, आरोग्याची काळजी केली. म्हणजे कीर्तनकाराने आरोग्यावर बोलू नये, असं जे आज काही जण म्हणतात, त्यांनी आधी या दोघांना विचारावं.

आता आनंदवनाकडे वळू. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे. एका पावसात त्यांना रस्त्याच्या कडेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला आणि ते भिऊन पळाले. पुढे त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली आणि ते परत फिरले. कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं, १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात विहीर खणून आनंदवन उभं केलं. गोळ्यांनी रोग बरा होत होता, पण बरा झालेला माणूस जाणार कुठे? गाव तर घेत नाही. म्हणून बाबांनी त्यांच्या हाती कुदळ दिली. बोटं नसलेल्या हातांनी शेती केली, भाजी पिकवली, घरं बांधली. सुरुवातीला त्यांची भाजी घ्यायला लोक भीत. पण पुढे काय झालं ऐका. १९६४ साली त्याच माणसांच्या श्रमातून आनंदवनात महाविद्यालय उभं राहिलं आणि ज्यांनी त्यांना बाहेर काढलं होतं त्यांचीच मुलं तिथं शिकायला आली. दान घेणारा दाता झाला. याहून मोठी बरं होण्याची खूण कोणती?

पुढे २३ डिसेंबर १९७३ ला बाबांनी भामरागडच्या जंगलात हेमलकसा इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे हे नवरा-बायको तिथं जाऊन राहिले. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात सहा-सहा महिने जगाशी संबंध नाही. सुरुवातीला माडिया लोक त्यांना पाहून जंगलात पळत. या डॉक्टरांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली, मग झाडाखाली दवाखाना चालवला. हिवताप, साप चावलेले, अस्वलाने फाडलेले, भाजलेले, सगळे येऊ लागले. पण नुसत्या दवाखान्यावर थांबले नाहीत. बाजारात अडाणी माणसाची लूट होते म्हणून १९७६ साली शाळा काढली. त्या शाळेतून निघालेली मुलं पुढे डॉक्टर, शिक्षक झाली. भूक, अज्ञान आणि आजार हे तिघं सख्खे भाऊ आहेत. एकाला हाकललं तर दुसरा त्याला मागच्या दाराने आत घेतो.

१९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला आले. राणीताई तर चंद्रपूरच्याच लेकी. दोघं अमेरिकेत शिकून आले होते. त्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव सर्च. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायांची तपासणी केली, तेव्हा दर १०० बायांत ९२ जणींना अंगावरचे, पोटातले आजार निघाले. आपल्या माउल्या दिवसभर चिखलात रोवणी करत, घरी येऊन चूल पेटवत, पण हे दुखणं कोणाला सांगत नव्हत्या. विचारणारंच कोणी नव्हतं. १९८९ साली हा अभ्यास जगाच्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आला आणि जगाला आपल्या बायांचं दुखणं कळलं.

मग आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे या डॉक्टरांनी लोकांनाच विचारलं. लोकांनी सरळ सांगितलं. तुमची मोठी इमारत पाहून भीती वाटते. पांढऱ्या कपड्यातले डॉक्टर-नर्स पाहून जीव घाबरतो, आमच्यात पांढरं कापड मेलेल्यावर घालतात. रोग्याच्या माणसांना तिथं राहू देत नाहीत. आणि तिथं देव नाही. तर काय केलं? १९९३ साली धानोरा तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम वसवलं, आदिवासी गावासारखं. रोग्यासोबत घरची माणसं राहतील अशा झोपड्या बांधल्या. दवाखान्याला नाव दिलं माँ दंतेश्वरी, लोकांच्याच देवीचं. पुढे देवीच्या जत्रेत लोक बसून ठरवू लागले की आमचा मोठा आजार कोणता आणि आधी काय करायचं. मालक रोगी झाला, डॉक्टर त्याचा पाहुणा झाला.

लेकरांच्या मरणाची गोष्ट तर प्रत्येक वारकऱ्याने ऐकावी. पूर्वी बाळ जन्मलं की बारशापर्यंत त्याला कोणी मोजत नसे. जगलं तर आपलं. न्यूमोनियाने कोवळी लेकरं जात. श्वास मोजून रोग ओळखता येतो, पण गावच्या सुईणबाईला आकडे येत नाहीत, मग? वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी तयार केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी शेवटचा मणी सरकला तर लेकरू आजारी आहे, औषध द्या. माउली, आपण जन्मभर मणी ओढतो. तिथं त्याच मण्यांनी लेकरू वाचलं.

त्यापुढे ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. ती बाई बाळंतपणाला हजर राहायची, बाळाला ऊब द्यायची, गुदमरलेल्याला श्वास द्यायची, गरज पडली तर सुईही द्यायची, आणि आईला, सासूला समजवायची. सासूला समजवणं हे निम्मं औषध आहे, हे घरात राहणाऱ्याला सांगायला नको. आधी हजारात ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. तिसऱ्या वर्षापर्यंत तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली हे जगापुढे मांडलं गेलं. २०११ पासून हीच रीत देशातल्या आशाताईंच्या कामात आली. आज आशाताई तुमच्या सुनेच्या बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, त्या वाटेचा उगम आपल्या गडचिरोलीत आहे. तिला दारातून परत पाठवू नका. बसायला पाट द्या.

दारूचाही इतिहास याच गोष्टीत येतो. बायांनी, गावांनी लढा दिला आणि १९९३ पासून गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बाया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. तीही दिंडीच होती, फक्त हातात टाळ नव्हते. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात बंदी लागली, २०२१ साली ती उठली. बंदी चांगली की वाईट, यावर चावडीवर वाद होतात. आम्ही एवढंच सांगतो की कायदा दुकान बंद करतो, हात आवरत नाही. हात आवरायला शेजारी बसणारा माणूस लागतो. गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली, अशी घरं आमच्या पाहण्यात आहेत. पण नुसत्या माळेने नाही. त्याला रोज संध्याकाळी भजनाला बोलवायला कोणी तरी दारात जात होतं, म्हणून सुटली.

आता आजचं पाहा. पटकी गेली, देवी गेली, रक्तपितीला औषध आहे. पण रोग वेष बदलून आले. सर्चच्या डॉक्टरांनी ८६ गावांतल्या मरणांचा अभ्यास केला तर लकव्याने, म्हणजे मेंदूच्या झटक्याने जाणारे सगळ्यांत जास्त निघाले. रक्तदाब वाढतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. त्यात तोंडात खर्रा. आमच्या कीर्तनाला मृदंगाच्या आधी खर्र्याची पुडी निघते, हे काही चांगलं लक्षण नाही. आणि दुसरं मोठं दुखणं म्हणजे एकटेपण. पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला. घरी म्हातारा-म्हातारी. रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात, पण त्या घेतल्या का हे विचारायला कोणी नाही. गोळी दवाखान्यात, पेन्शनचा कागद तहसीलात, तांदूळ राशन दुकानात, लेक परगावी. सगळं आहे, पण चार दिशांना. लकवा झालेल्या माणसाने चार दिशांना कसं जावं?

दिंडीत असं होत नाही. वाटेत एखाद्याचा पाय सुजला तर एक जण त्याचं गाठोडं घेतो, दुसरा पाणी आणतो, तिसरा डॉक्टरच्या गाडीपाशी नेतो, चौथा त्याच्या घरी फोन करतो. हे कोणी वाटून दिलेलं नसतं. चोपदार मागे वळून पाहतो, कोणी राहिलं तर नाही ना? वाटेवर आपण जे वीस दिवस करतो ते गावात आल्यावर उरलेलं वर्षभर का करत नाही?

काही मंडळी म्हणतात, महाराज, आपलं काम नामस्मरण, ही कामं सरकारची. नाम तर घ्यायचंच. पण पुंडलिकाच्या घरी देव सेवेमागे उभा राहिला, हे आपणच जगाला सांगतो ना? सरकारचं काम सरकारकडून करूनही घ्यायचं. डॉक्टर नसेल तर विचारायचं. पण उशाशी बसायला सरकार येत नाही.

म्हणून दिंडीच्या सभेपुढे शताब्दी निधीचा जो प्रश्न आहे, त्यावर आमचं मत इथंच लिहून ठेवतो. निधीतून पालखीला चांदी चढवावी असं काहींचं म्हणणं आहे. त्यांचा भाव खरा आहे, त्याला आम्ही नाव ठेवत नाही. पण आमची विनंती अशी. देवळाच्या ओसरीला लागून एक खोली बांधावी. तिथं रक्तदाब मोजायचं यंत्र असावं, महिन्यातून एकदा आशाताई, नर्सबाई बसाव्यात, पेन्शनचे आणि राशनचे कागद भरून देणारं एखादं शिकलेलं पोर असावं. दर एकादशीला भजन झाल्यावर चार टाळकऱ्यांनी चार घरी जावं. जिथं म्हातारं एकटं आहे, जिथं बाळंतीण आहे, जिथं दारू सोडलेला माणूस आहे, जिथं लकवा झालेला पडून आहे. तिथं दोन घटका बसावं, गोळी घेतली का विचारावं, जेवलास का विचारावं. आणि खर्रा खाणाऱ्याने वीणा गळ्यात घेऊ नये, हा नियम व्हावा.

यंदा आपल्या वारीतले किती तरी जुने पाय घरीच राहिले. ते पंढरीला येऊ शकत नाहीत. त्यांच्या दारी दिंडीने जायचं की नाही, हे येत्या सभेत ठरायचं आहे. सर्व माउल्यांनी सभेला यावं, बायांनीही यावं आणि आपलं मत सांगावं.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!